शुद्ध नफा

टीव्हीवर कुठलीही मॅच लागू दे, अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. नवं तोंड दिसलं की ते चष्मा वर सरकवतात आणि विचारतात, "कुणाचं रं हे?"

हा प्रश्न मूळचा शाहू स्टेडियमचा. कोल्हापुरात पेठेची फुटबॉल मॅच असली की पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना आकडेवारी नको असते, घराणं हवं असतं. एखादं कोवळं पोरगं उजव्या बाजूनं बॉल घेऊन सुटलं की शेजारून लगेच माहिती येते: अमक्याचं धाकटं, मागच्या गल्लीतलं, ह्याचा आजा तालमीत वस्ताद होता. मग अण्णा समाधानानं मान हलवतात. "तरीच." पुढच्याच मिनिटाला पोरगं घसरून पडलं आणि बॉल गेला, तरी त्या 'तरीच'ला धक्का लागत नाही.

मी आर्सेनलचा. शिवाजी पेठेतल्या माणसानं उत्तर लंडनच्या क्लबला 'आपला' म्हणावं याला काही अर्थ नाही, हे मला कबूल आहे. पण जिथं वर्ल्ड कप आला की मेस्सी, रोनाल्डो आणि नेमारचे फ्लेक्स चौकाचौकांत उभे राहतात, तिथं माझं दुखणं तसं किरकोळच. वीस-बावीस वर्षं मी हा क्लब बघतोय, आणि सुट्टीला घरी असलो की अण्णा शेजारी बसून 'कुणाचं' विचारतात. मला धड उत्तर देता येत नाही. निकोला पेपे आला तेव्हा मी म्हटलं, "लिलचं."

"लिल कुठं आलं?"

"फ्रान्समध्ये. पण खेळतं आयव्हरी कोस्टकडनं."

अण्णांनी थोडा विचार केला. "आन् मग हितं काय करतंय?"

7.2 कोटी पौंड, म्हणजे आपले सहाशे कोटी, हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

*

मे महिन्याच्या शेवटी इंग्लंडमधली लीग संपते. वळीव पडायला लागला की इकडं आमचं मैदानही थंडावतं. पुढं ऑगस्टपर्यंत माझ्या दोन्ही संघांना काम नसतं, आणि मला सगळ्यात जास्त काम ह्याच दिवसांत असतं.

पेठेत पावसाळा म्हणजे पळवापळवीचा हंगाम. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस जवळ आले की चहाच्या टपरीवर आवाज खाली जातात. आपला स्टॉपर तिकडं चाललाय म्हणे. कुणी सांगितलं? त्याच्या भावजीनं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी ही तालमी-मंडळांच्या संघांची नावं ज्याला माहीत आहेत त्याला ह्या कुजबुजीचं वजन कळेल. खेळाडू दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या तालमीत जातो, पण त्याची आई भाजी आणायला त्याच बाजारात येते, आणि मिरच्या तोलता तोलता तिला जे ऐकावं लागतं ते कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

लंडनचा भावजी म्हणजे फाब्रिझिओ रोमानो नावाचा इटालियन पत्रकार. तो मोबाईलवर 'हिअर वी गो' एवढं लिहितो आणि जगभरातली माझ्यासारखी बापे माणसं ऑफिसच्या जिन्यात जाऊन एकमेकांना फोन करतात. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीला तिकडं ट्रान्स्फर विंडो म्हणतात. खिडकी उघडते, खिडकी बंद होते. आमच्यातला एकजण म्हणतो, खिडकी कसली, ते खिंडार आहे, दर वर्षी त्यातनं आपलीच माणसं पळतात.

त्याचं चुकत नाही. मी आर्सेनलकडं वळलो ते 2003-04 च्या हंगामात. 38 सामने, 26 जिंकले, 12 बरोबरीत, हरले शून्य. नव्यानं नादी लागणाऱ्याला ह्याहून वाईट सुरुवात मिळू शकत नाही, कारण हे असंच चालतं असा समज होतो. पुढच्या वर्षी मे 2005 मध्ये एफए कपच्या फायनलला पॅट्रिक व्हिएरानं शेवटची पेनल्टी मारली, कप उचलला आणि काही आठवड्यांत युव्हेंटसला गेला. आर्सेनलसाठी त्यानं बॉलला मारलेली ती शेवटची लाथ. मला वाटलं, असेल काही अडचण.

अडचण होती विटा-सिमेंटची. हायबरी हे जुनं मैदान जेमतेम 38 हजार लोकांचं. क्लबनं शेजारीच 60 हजारांचं नवं बांधलं आणि 2006 मध्ये तिथं संसार हलवला. घर बांधून बसलेला माणूस कसा प्रत्येक दिवाळीला काहीतरी मोडतो, तसं आमचे तेव्हाचे प्रशिक्षक वेंगरसाहेब यांचं झालं. अ‍ॅशली कोल गेला. 2007 ला हेन्री बार्सिलोनाला गेला. मग फ्लामिनी, ह्लेब, अदेबायोर, कोलो टूरे. 2011 च्या एकाच उन्हाळ्यात फाब्रेगास आणि नासरी दोघंही गेले, आणि 28 ऑगस्टला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आम्ही 8-2 नं हरलो. त्या रात्री अण्णांनी फक्त एकदा विचारलं, "ह्यो क्रिकेटचा स्कोर हाय का?"

*

पण रॉबिन व्हॅन पर्सीचं निराळं होतं. त्याची 10 नंबरची जर्सी मी पुण्यात फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतली होती. तो कॅप्टन, त्या वर्षी लीगमध्ये 30 गोल, आणि 10 नंबर म्हणजे आमच्या जुन्या बर्गकाम्पचा नंबर. 4 जुलै 2012 ला त्यानं स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर केलं की तो नवा करार करणार नाही. ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला सुमारे 2.4 कोटी पौंडांना नेला. जाताना म्हणाला, अशा वेळी मी माझ्या आतल्या लहान पोराचं ऐकतो, आणि ते पोरगं युनायटेडच्या नावानं ओरडत होतं. पुढच्या एप्रिलमध्ये युनायटेड चॅम्पियन होऊन आमच्या मैदानात आलं. आमच्या पोरांनी दोन रांगांत उभं राहून त्याच्यासकट सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं आम्हाला गोलही मारला.

जाण्याच्या त्या आठवड्यात मी कोल्हापुरात होतो. शिव्या देऊन झाल्या, जर्सी कोपऱ्यात फेकून झाली. आईनं ती उचलली, दोन तुकडे केले आणि एक स्कूटरच्या डिकीत ठेवला, पुसायला. अण्णा झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "मी पण गेलो हुतो की एकदा."

"कुठं?"

त्यांनी दुसऱ्या तालमीचं नाव घेतलं. मी इथं लिहीत नाही; पेठेत अजून राहायचंय.

1974 ची गोष्ट. अण्णा बावीस वर्षांचे, लेफ्ट आऊट, पायात कॅनव्हासचे बूट आणि घरात तीन बहिणी लग्नाच्या. त्या तालमीच्या एका समर्थकानं दोन गोष्टी देऊ केल्या: चामड्याचे बूट, आणि उद्यमनगरात एका फौंड्रीत नोकरी. अण्णा गेले. एक हंगाम तिकडून खेळले. स्वतःच्या पेठेविरुद्धही उतरले, गोल केला नाही, पण कॉर्नर मारला आणि त्यावर गोल झाला. ते वर्षभर माझी आजी त्यांना ताट वाढताना म्हणायची, "बसा पावणं." घरातल्या पोराला अहो-जाहो. "आणि काय वाढू पावण्यास्नी?" शेवटी ते पुढच्या वर्षी परत आले. बूट ठेवून घेतले, नोकरीही ठेवली. त्या फौंड्रीत त्यांनी 31 वर्षं काढली.

म्हणजे ज्या घरात बसून मी व्हॅन पर्सीला गद्दार म्हणत होतो, ते घर एका ट्रान्स्फरवर बांधलेलं होतं. माझी फी त्यातूनच गेली. मी विचारलं, "मग वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पर बूट लई भारी हुतं."

त्या दिवसापासून मी खेळाडूंना शिव्या देणं सोडलं, असं लिहायला आवडलं असतं. सोडलं नाही. जरा हळू आवाजात देतो, इतकंच.

*

माझा धंदा हिशेब तपासायचा. लोकांची खाती, ताळेबंद, घसारा. फुटबॉलमध्ये हे ज्ञान कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, आणि पडायला नको होतं.

गोष्ट अशी की क्लब एखादा खेळाडू विकत घेतो तेव्हा त्याची पूर्ण किंमत त्या वर्षीच्या खर्चात पडत नाही. आपण मशीन घेतलं की त्याचा घसारा दर वर्षी थोडा थोडा लावतो, तसा खेळाडूचा खर्च कराराच्या वर्षांवर वाटतात. डेक्लन राइस 2023 मध्ये आला, बातम्यांतला आकडा 10 कोटी पौंड आणि अटी पूर्ण झाल्या तर वर 50 लाख. करार पाच वर्षांचा धरला तर वर्षाला 2 कोटी. चेल्सीनं मात्र आठ-आठ वर्षांचे करार करून हा घसारा पातळ करायला सुरुवात केली होती. मग प्रीमियर लीगनं 2023 च्या डिसेंबरात पाच वर्षांची मर्यादा घातली. कुठल्याही कर सल्लागाराला ही युक्ती ऐकून बरं वाटेल. आणि वर तेव्हाचा नियम असा की तीन वर्षांत मिळून 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही.

आता दुसरी बाजू. जो पोरगा क्लबच्याच अकादमीत वाढला, त्याला विकत घेतलेलंच नाही. पुस्तकात त्याची किंमत शून्य. तो विकला की आलेला पैसा सगळाच्या सगळा, त्याच वर्षी, नफ्याच्या रकान्यात. तिकडं ह्याला जे म्हणतात त्याचं मराठी 'शुद्ध नफा'. पूर्वी शुद्ध हा शब्द मी तुपासाठी आणि श्रावणातल्या पक्षासाठीच वापरत होतो.

म्हणजे ताळेबंद मांडायला बसलं की विकायला सगळ्यात सोयीचा कोण? जो घरचा आहे तो. नवव्या वर्षी आला, गेटवरच्या वॉचमनला नावानं ओळखतो, ज्याची आई स्टँडमध्ये बसून रडते, तो. हिशेबाच्या दृष्टीनं ह्यात काहीही चूक नाही. मी स्वतः सही केली असती.

*

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते महापुराच्या आठवड्यात. ऑगस्ट 2019. मी पुण्यात अडकलो होतो, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आल्यानं रस्ता बंद. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. आत्याच्या घरात पाणी शिरलं होतं, ती आमच्याकडं येऊन राहिली होती. पेठ उंचावर, म्हणून घर कोरडं, पण वीज नाही, नळाला पाणी नाही. सगळं शहर पाण्यात आणि प्यायला पाणी नाही. फोन लागला तर लागला.

8 ऑगस्टला त्या वर्षीची खिडकी बंद होणार होती, आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. मी मोबाईलवर दोन पानं उघडून बसलो होतो. एकावर बंधाऱ्याची पातळी, दुसऱ्यावर आर्सेनल. बोट ह्या पानावरनं त्या पानावर. लाज वाटत होती आणि थांबताही येत नव्हतं. पाण्याचा आकडा बघवेना झाला की मी तिकडं पळायचो. डेव्हिड लुईझ आला. किरन टियर्नी आला. आणि अगदी शेवटी ॲलेक्स इवोबी एव्हर्टनला गेला. प्राथमिक शाळेच्या वयापासून आमच्याकडं असलेलं पोरगं, नायजेरियाच्या ओकोचाचा भाचा. बातम्यांत आकडा 2.8 कोटी पौंड आणि वर काही. एका आठवड्यापूर्वी पेपेवर 7.2 कोटी उधळले होते, ते कुठून तरी भरून काढायचे होते.

साडेदहाला फोन लागला. आई म्हणाली, पाणी दुपारपासून थांबलंय, चढत नाही. मी म्हटलं, बरं झालं. मागून अण्णांचा आवाज आला, "इचार, तुझी माणसं कोण ऱ्हायली, कोण गेली?" मेणबत्तीच्या उजेडात, दारात पूर असताना, त्यांना ते आठवलं होतं. मी सांगितलं, इवोबी गेला. "त्यो आपल्यातला हुता न्हवं?" आपल्यातला. अण्णांना अख्ख्या संघात 'कुणाचं' ह्याचं उत्तर मिळालेली दोन-चार पोरं होती, त्यातलं ते एक.

*

एमिल स्मिथ रोचं सांगतो. इथं मी थोडा रेंगाळणार.

2020 चा डिसेंबर, आर्सेनल इतकं रसातळाला गेलेलं की मित्र माझी चौकशी करायला फोन करायचे. 26 तारखेला चेल्सीविरुद्ध प्रशिक्षक आर्तेतानं नाइलाजानं वीस वर्षांच्या पोराला खेळवलं. मोजे खाली सरकवलेले, पाठीत थोडा बाक, पण बॉल मिळाला की मान वर करून लगेच पुढं. आम्ही 3-1 नं जिंकलो. 'हेल एंड' म्हणजे आर्सेनलची अकादमी. हा दहाव्या वर्षापासून तिथला. बुकायो साकाही तिथलाच. दोघांना शेजारी शेजारी खेळताना बघून अण्णा म्हणाले, "ही एकाच गल्लीतली दिसत्यात." बरोबर ओळखलं होतं.

2021 च्या उन्हाळ्यात ॲस्टन व्हिलानं त्याच्यासाठी दोनदा बोली लावली. मी नखं खाल्ली. जुलैमध्ये त्यानं आमच्याशीच नवा करार केला आणि 10 नंबर घेतला. व्हॅन पर्सीनंतर हा नंबर जॅक विल्शरनं घातला होता, तो तर नवव्या वर्षी आलेला. घोट्यांनी दगा दिला आणि 2018 मध्ये करार संपवून तो गेला. मग ओझिल. आता पुन्हा घरचा माणूस. मी माझ्या पुतण्याला, तेव्हा तो सात वर्षांचा, लाल जर्सी घेतली आणि मिरजकर तिकटीच्या बाजूला एका छपाईवाल्याकडून मागं इंग्रजीत स्मिथ रो आणि 10 छापून घेतलं. छपाईवाल्यानं विचारलं, स्मिथ का रो, एकच कायतरी सांगा, अक्षराला पैसे हायत.

त्या हंगामात त्यानं लीगमध्ये दहा गोल केले. मग जांघेचं दुखणं, ऑपरेशन, बेंच. ओडेगार्ड स्थिरावला, कॅप्टन झाला. राइस, हॅव्हर्ट्झ आले. आम्ही लागोपाठ दुसरे येऊ लागलो आणि स्मिथ रो हळूहळू संघाच्या फोटोत कडेकडेला जात राहिला.

ऑगस्ट 2024 मध्ये लंडनच्याच फुलहमनं त्याला घेतला. तोपर्यंतची त्यांची सगळ्यात महागडी खरेदी. 2.7 कोटी पौंड आणि वर अटी, असं छापून आलं. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं ते प्रामाणिकपणे लिहितो. पुस्तकी किंमत शून्य. म्हणजे 2.7 कोटी थेट नफा. जुलैच्या शेवटीच कालाफिओरी आला होता सुमारे 4 कोटींना, पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला 80 लाख. म्हणजे एका स्मिथ रोमध्ये कालाफिओरीची तीन वर्षं सहज निघतात. बरा सौदा आहे. मी मित्रांच्या ग्रुपवर तसं टाकलं, आकड्यांसकट. अंगठे आले.

रात्री घरी फोन केला तर पुतण्या लाइनवर. "काका, त्यानं आपली जर्सी का सोडली?"

मी म्हटलं, "त्याला खेळायला मिळत नव्हतं बाळा."

"मग आपण का नाही खेळवलं?"

ह्याला घसाऱ्याचं कोष्टक दाखवता येत नाही. महिनाअखेरीस एन्केटियाही क्रिस्टल पॅलेसला विकला, तोही हेल एंडचा, तोही शुद्ध. मी त्या वेळी आकडे टाकले नाहीत.

पुढचं अख्खं वर्ष 10 नंबर कुणीच घातला नाही. पुतण्याची जर्सी आखूड झाली, बगलेत उसवली, मागची अक्षरं धुवून धुवून सोलली. आईनं ती पुसायला घेतली नाही. घडी घालून कपाटात ठेवलीय. का, ते मी विचारलं नाही.

*

2025 चा उन्हाळा आर्सेनलनं दिवाळीसारखा साजरा केला. आठ माणसं आली, 25 कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाला. सुबिमेंदी, नॉरगार्ड, मादुएके, मोस्केरा, ढिगानं. योकेरेस नावाचा स्वीडिश स्ट्रायकर पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून आला आणि त्यानं हेन्रीचा 14 नंबर घेतला. ते मला अजून पचलेलं नाही, पण जाऊ दे. माझं सगळं लक्ष दोन पोरांवर होतं. लुईस-स्केली आणि न्वानेरी. दोघंही हेल एंडचे, दोघांचेही करार संपत आलेले. न्वानेरी तर 2022 मध्ये 15 वर्षं 181 दिवसांचा असताना लीगमध्ये उतरला होता. एवढी खरेदी चाललीय म्हटल्यावर कुणीतरी शुद्ध नफा होणार, ही माझी खात्री. दोघांनीही सह्या केल्या. मी त्या दिवशी पेढे आणले. बायकोला वाटलं प्रमोशन मिळालं.

मग एझे. एबेरेची एझे पॅलेसचा, मे महिन्यात एफए कपच्या फायनलला त्याच्याच गोलवर पॅलेसनं मँचेस्टर सिटीला 1-0 हरवलं होतं. क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. ऑगस्टच्या मध्याला तो टॉटनहॅमला जाणार हे जवळपास ठरलं होतं. टॉटनहॅम म्हणजे आमचे शेजारी. दोन तालमींमध्ये असावं तेवढंच अंतर आणि तेवढंच प्रेम. अशात आमच्या हॅव्हर्ट्झचा गुडघा गेला, कुणीतरी फोन उचलला आणि एका रात्रीत एझे आमच्याकडं वळला. 6 कोटी पौंड आणि वर काही. पेठेत ह्याला सरळ फोडला म्हणतात.

पण मला हलवलं ते वेगळ्याच कारणानं. हा पोरगा मूळचा आर्सेनलच्याच अकादमीतला. तेरा वर्षांचा असताना क्लबनं त्याला, तुझं काही होणार नाही, म्हणून काढून टाकलं. खोलीत बसून कितीतरी दिवस रडलो, असं त्यानं नंतर सांगितलंय. मग फुलहम, रेडिंग, मिलवॉल, सगळीकडून नकार. शेवटी क्यूपीआर ह्या लंडनच्याच क्लबनं ठेवून घेतलं आणि तिथून पॅलेस. चौदा वर्षांनी तो परत आला आणि त्याला 10 नंबर मिळाला. अण्णांना ही गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला आता घरात काय म्हणत असतील?"

मला तेव्हा दक्षिण लंडनमध्ये कुठंतरी बसलेला पॅलेसचा माझ्यासारखाच एखादा माणूस दिसला. त्याच्या पोराच्या पाठीवर 10 आणि एझे छापलेलं असणार. पॅलेसमध्येही तो 10 च घालत होता. तीन महिन्यांपूर्वी ते दोघं वेम्बलीवर मिठी मारून रडले असणार. आमची दिवाळी त्यांच्या दारातली पणती उचलून झाली होती. मला वाईट वाटलं, आणि तरीही तो आपल्याकडं आला ह्याचा आनंद तसूभर कमी झाला नाही. दोन्ही एकदम वाटतं. कुणी तसं नाही म्हणालं तर मी विश्वास ठेवत नाही.

23 ऑगस्ट, शनिवार. गणपती चार दिवसांवर, गल्लीत मांडव उभा राहत होता आणि बांबू ठोकण्याच्या आवाजात रात्री दहाला मॅच सुरू झाली. लीड्सविरुद्ध. त्याआधी एझेला मैदानात आणून मिरवलं. अकरा वर्षांचा पुतण्या जमिनीवर मांडी घालून, मी खुर्चीत, अण्णा झोपाळ्यावर.

"हाच का त्यो पावणा?"

"हाच."

मॅच एकतर्फी झाली. टिंबरचे दोन, साकाचा एक, योकेरेसचा एक. साका आणि ओडेगार्ड दुखापत होऊन बाहेर गेले, त्यानं माझा जीव वर-खाली. मग दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून एक अगदी कोवळं पोरगं उतरलं. मॅक्स डाउमन. हेल एंडचं, पहिलाच सामना. पहिल्या बॉलपासून ते समोरच्याच्या अंगावर जात होतं, जसं काही गल्लीत खेळतंय. जादा वेळेत पेनल्टी बॉक्समध्ये घुसलं, पाडलं गेलं, पेनल्टी. योकेरेसनं मारली. पाच-शून्य.

पुतण्या उड्या मारत होता. माझ्या डोक्यात एक आकडा तयार व्हायला लागला होता. पुस्तकी किंमत शून्य, आत्ताच एवढा खेळतोय, आणखी चार वर्षांनी. मी रिमोट उचलला आणि उगाच आवाज वाढवला.

अण्णांनी चष्मा वर सरकवला. "कुणाचं रं हे?"

"आपलंच."

"वय काय?"

"पंधरा."

ते टीव्हीकडं बघत राहिले. पोरगं घामेजल्या तोंडानं हसत प्रेक्षकांना टाळ्या वाजवत होतं.

"मग सोमवारी शाळा असंल की त्याला," अण्णा म्हणाले.